मिशन कंपाउंड आणि गाव : प्रस्तावना

वऱ्हाडातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती माणसाचे घर विचारले की पुष्कळ वर्षे एकच उत्तर मिळे, कंपाउंडात. टांगेवाल्यालाही याहून अधिक सांगावे लागत नसे. गावाच्या कडेला कडुनिंबाची जुनी झाडे, कौलारू बंगला, विहीर, शाळेची लांबट इमारत, चर्च आणि मागच्या अंगाला नोकरमाणसांच्या खोल्यांची रांग. भोवती भिंत, नाहीतर काटेरी तार. ती भिंत कोणाला अडवण्यासाठी बांधली असेल असे नाही. गुरे आत येऊ नयेत एवढाच मूळ हेतू असावा. पण पुढे तिने गुरांपेक्षा माणसेच जास्त अडवली. आतली बाहेर जायला नाखूश, बाहेरची आत यायला बिचकणारी. ख्रिस्ती मंडळीचे कार्य आणि भोवतालची संस्कृती या विषयावर पुढच्या पानांत जे काही येणार आहे, त्याला या भिंतीची आठवण ठेवूनच सुरुवात केलेली बरी.

पुस्तकी मांडणी दुसरीकडून सुरू होते. अमेरिकन धर्मपंडित रिचर्ड नीबुर यांनी १९५१ साली ‘ख्राइस्ट अँड कल्चर’ या ग्रंथात ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या नात्याचे पाच प्रकार सांगितले : विरोध, एकरूपता, संस्कृतीहून वरचे स्थान, कायमचा ताण आणि परिवर्तन. सेमिनरीत शिकलेला पाळक ते परीक्षेपुरते पाठ करतो आणि मंडळीत आल्यावर विसरतो. त्याचा तरी काय दोष? त्या मांडणीत मंडळी एका बाजूला, संस्कृती दुसऱ्या बाजूला, आणि दोघींनी एकमेकींशी कसे वागावे याचा विचार. इथे रविवारी उपासनेला आलेल्या बाईच्या गळ्यात काळी पोत असते आणि पोतीत क्रूस ओवलेला असतो. ती बाई या पाचांपैकी कोणत्या प्रकारात बसवायची?

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. मंडळीने ठराव करून, समित्या नेमून संस्कृतीशी जो संवाद साधायचा म्हटला, तो बहुतेक अहवालात राहिला. जिथे तिला शेजाऱ्याची गरज पडली, त्याच्यावाचून अडले, तिथे मात्र तो घडला आणि टिकला. हे तपासायला मुंबई-पुण्यापेक्षा धनजसारख्या गावातून पाहणे सोयीचे.

धनज बुद्रुक हे वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले गाव. सोयाबीन, तूर, कपाशी, आणि पावसाकडे डोळे. जवळचे मोठे गाव कारंजा लाड. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्त तिथे येतात, आणि जैनांची जुनी मंदिरे व हस्तलिखितांची भांडारे यांमुळे अभ्यासकही येतात. मानोऱ्याकडे पोहरादेवी, बंजारा समाजाची काशी. मूर्तिजापूरकडे गाडगेबाबांच्या कामाच्या खुणा, अमरावतीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरची भजने ही या पट्ट्यातल्या कितीतरी गावांची रीत. एप्रिल आला की भीमजयंतीची तयारी, होळीला तांड्यावर लेंगी गीते. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, तेव्हापासून नागपूर आणि मुंबई ही शहरेही बोलण्यात जवळची झाली. भोवतालची संस्कृती म्हणायची ती ही. ती एक नाही आणि स्थिरही नाही. शिवाय ती मंडळीची वाट पाहत थांबलेली नाही.

ख्रिस्ती मिशनांच्या जुन्या नकाशात हा भाग सीमेवरचा. मूर्तिजापूर, अकोला, अमरावती, खामगाव हा मुलूख अलायन्स मिशनचा. दारव्हा आणि यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे. बुलढाणा नाझरीन मंडळीकडे, आणि वाशिम आधी मेथडिस्टांकडे, नंतर विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेही नाझरीनांकडे. मिशनांनी आपसांत भांडणे नकोत म्हणून प्रदेश वाटून घेतले होते. त्याचा परिणाम असा की कोणत्या पंथात जन्म घ्यायचा हे वऱ्हाडातल्या ख्रिस्ती माणसासाठी धर्मशास्त्राने कधी ठरवलेच नाही, तालुक्याने ठरवले. लग्नाच्या बैठकीत आजही विचारतात, तुम्ही अलायन्सचे की नाझरीन? फरक काय, असे उलट विचारले तर दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

संख्या मुळातच लहान. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एका टक्क्याहून किंचित कमी, आणि त्यांतले फार मोठे प्रमाण मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात. वऱ्हाडात खेडोपाडी एखादे घर, दोन घरे. इतक्या थोड्या लोकांना संस्कृतीपासून दूर राहणे परवडत नाही, मग ते कितीही तसे म्हणोत.

मराठीत या संवादाचा पहिला मोठा दाखला गोव्यातला. १५७९ साली गोव्याला आलेले इंग्रज जेज्वित फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या. स्टीफन्स यांच्या भाषेचे कौतुक सगळे करतात, ते योग्यच आहे. पण हा ग्रंथ का झाला, याचा उलगडा त्यांनी ग्रंथातच करून ठेवला आहे, आणि माझ्या दृष्टीने ती जागा भाषेपेक्षा मोलाची. साष्टीतले नवे ख्रिस्ती विचारत होते, आमची पुराणे बंद केलीत, मग आमच्या हाती दुसरे काय देता? मागणी श्रोत्यांची होती. त्यांना संध्याकाळी ऐकायला काहीतरी हवे होते, आणि पाद्र्याला त्यांच्यावाचून चालणार नव्हते. त्यानंतर सत्तर वर्षेही झाली नाहीत तोच, १६८४ साली व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. सत्ता हाताशी असलेल्या धर्माला शेजाऱ्याची गरज उरत नाही, हे त्या फर्मानाइतके उघडपणे दुसऱ्या कोणत्या कागदाने सांगितलेले मला ठाऊक नाही.

नारायण वामन टिळकांबद्दल मराठी वाचकाला नव्याने काय सांगावे? तरी वऱ्हाड-नागपूरशी त्यांचे नाते फारसे कोणी उगाळत नाही, म्हणून दोन शब्द. धर्मांतरापूर्वी ते नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृतच्या कामावर होते. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग अहमदनगर. तिथे ख्रिस्ती कीर्तनाची वाट कृष्णराव सांगळे यांनी आधीच काढून ठेवली होती. टिळकांनी ती हमरस्ता केली. कीर्तनाची गंमत अशी की ते एकट्याने होत नाही. टाळ धरणारा लागतो, पेटीवाला लागतो, मागे उभा राहून ध्रुपद उचलणारा लागतो, आणि मुख्य म्हणजे हुंकार देणारा श्रोता लागतो. व्यासपीठावरून वाचून दाखवायचे प्रवचन रिकाम्या बाकांपुढेही पुरे करता येते. टिळकांना गावच लागत होते. ते मिशनच्या चौकटीत मावेनासे झाले तेव्हा १९१७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार पांगला. फसलेला प्रयोग म्हणून त्याची बोळवण करणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, त्या प्रयोगाला मुळात पुरेसा वेळच मिळाला नाही.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ या विषयाच्या अभ्यासक्रमात सहसा नसते. ते असायला हवे, आणि नीबुरांच्या आधी. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर बाई पाच वर्षे आपल्या धर्मात राहिल्या, आणि मग १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी आल्या. मधल्या काळात त्यांच्या मनातले सोवळे कसे एकेक धागा सुटत गेले, पाण्याच्या, जेवणाच्या, शिवण्याच्या प्रश्नांनी त्यांना कसे छळले, हे त्या विनोदाच्या अंगाने सांगतात. संस्कृती म्हणजे घरात पाणी कोणी भरायचे, इतकी ती साधी गोष्ट आहे हे त्या पुस्तकातून कळते.

आता पुन्हा वऱ्हाडात. अमेरिकेतून आलेले मार्कस आणि जेनी फुलर हे जोडपे १८८०च्या दशकात अकोल्यात काम करत होते. पुढे ते काम अलायन्स मिशनचे झाले. जेनीबाईंनी इथल्या बायकांच्या हालांवर लिहिलेले ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहूड’ हे पुस्तक १९०० साली निघाले, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. पुस्तक आज वाचताना अडखळायला होते. कळवळा खरा, पण नजर वरून खाली पाहणारी. त्याच काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाड मोडून टाकला. कोवळी पोरे अनाथालयांत आली. वऱ्हाडातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास त्या दुष्काळाच्या पलीकडे जात नाही. पणजोबाचे गाव कोणते, जात कोणती, कोणाला माहीत नसते. कंपाउंड हेच त्यांचे गाव झाले. बाहेरून ती भिंत तुटकपणाची दिसते, आतून ती आईबाप गेलेल्या पोराने धरलेल्या पदरासारखी होती. मिशनवर टीका करताना हे ध्यानात ठेवावे, आणि मिशनचे गोडवे गातानाही, कारण पोर मोठे झाले तरी पदर सुटला नाही ही पुढची अडचण होती.

वाशिमला मात्र भिंतीला एक मोठे दार पडले, आणि ते उपदेशाने पाडले नाही. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरीण बाई १९३६ मध्ये आल्या आणि १९३८ साली मिशनच्या जुन्या शाळेच्या आवारात रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. जवळपास चार दशके बाई इथे राहिल्या. नर्सिंगचे शिक्षणही तिथेच सुरू झाले. तेव्हा या भागात अडलेली बाळंतीण दवाखान्यापर्यंत पोचवायची म्हणजे बैलगाडीतून नेणे. मिशनच्या दवाखान्यात रुग्ण एकटा कधी येत नाही, घर येते. सोबत पिठाची पिशवी, स्टोव्ह, घोंगडी. आवारात तीन दगडांच्या चुली पेटतात. मराठा, बंजारा, मुसलमान, बौद्ध, माळी, सगळ्यांचा धूर एकाच कडुनिंबाखाली. सकाळी वॉर्डात प्रार्थना होते, तेव्हा कोणी हात जोडतो, कोणी नुसता टोपी काढून बसतो, कोणी तेवढ्यात दूध आणायला सटकतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर डोळे मिटून काही पुटपुटतात, याचे नातेवाइकांना नवल वाटत नाही. त्यांनीही घरून निघताना नवस बोललेलाच असतो. या चुलींपाशी झालेल्या गप्पांतून वऱ्हाडाला ख्रिस्ती माणूस जितका कळला, तितका तो शंभर पत्रकांतून कळला नसता. दवाखान्याला रुग्ण लागत होता, रुग्णाला दवाखाना. गरज दोन्हीकडून होती.

जिथे गरज ओळखली नाही, तिथली गोष्टही सांगितली पाहिजे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी आपल्याला बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी ओढून घेतल्याचे सांगितले, आणि त्याच दमात ख्रिस्ती समाजाचे कान धरले. मंडळीतही जात पाळली जाते, आणि शिकलेला ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला पुढे येत नाही, हा त्यांचा रोख होता. मंडळीने ते भाषण ऐकले आणि बहुधा फायलीला लावले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे बौद्ध धर्मांतर झाले, त्याने विदर्भातल्या प्रत्येक खेड्याचा सांस्कृतिक नकाशा बदलला. जलसे, भीमगीते, विहारे, नवी नावे, नवा ताठ कणा. ज्या वस्त्यांत मिशनने साठ-सत्तर वर्षे शाळा चालवल्या, त्याच वस्त्यांत हे घडले. मिशनने अक्षर दिले, हे खरे. पण त्या वस्तीचा राग मिशनला आपला कधी वाटला नाही.

वर कायद्याचा गुंता. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर. त्यामुळे कागदावरचा धर्म एक आणि रविवारचा दुसरा, असे जगणारी घरे आहेत. दोन नावे, दोन दाखले. मंडळी व्यासपीठावरून खरेपणाचा उपदेश करते आणि या घरांबद्दल गप्प बसते. ज्याला पोराच्या प्रवेशाची चिंता आहे, त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. पण समकालीन संस्कृतीशी संवाद म्हणायचे, आणि जातीच्या दाखल्यावर बोलायचे नाही, हे कसे जमायचे?

घरातल्या बायकांनी याच काळात काय केले ते पाहा. मंगळसूत्राचे वर आलेच. लग्नाच्या आदल्या रात्री हळद लावायची की नाही यावर पाळकसाहेबांचे मत विचारले जाते, ते नाही म्हणतात, आणि हळद लागते. बरेच पाळक त्या रात्री मुद्दाम उशिरा येतात, हा त्यांचा समंजसपणा. नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे होतात, तो दिवाळीचाच फराळ. दिवाळीत शेजारून आलेले ताट नाताळात भरून परत जाते. रिकामे ताट परत करायचे नसते हा नियम कोणत्याही धर्मग्रंथात नाही, पण तो मोडायची कोणाची छाती नाही. सण एकाच्या घरी आणि फराळ दोन गल्ल्यांत. शेजार टिकवण्याचे हे काम मंडळीच्या वार्षिक अहवालात कधी येत नाही, कारण अहवाल पुरुष लिहितात.

हंगामाची उपासना हा असाच एक प्रकार, आणि वऱ्हाडात तो पाहण्यासारखा असतो. सोयाबीन निघाले, कपाशीची पहिली वेचणी झाली की एका रविवारी लोक पहिले पीक चर्चमध्ये आणतात. व्यासपीठापुढे सोयाबीनची पोती, तुरीच्या शेंगा, कोहळे, फडक्यात बांधलेला पांढराशुभ्र कापूस, अंड्यांची परडी, लोणच्याची बरणी आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा. कोंबडा बरोबर उपदेशाच्या मधे आरवतो आणि पोरे तोंड दाबून हसतात. उपासना संपली की लिलाव. डझनभर अंडी बाजारभावाच्या दसपट दराने जातात, घेणारा ती परत दान करतो, पुन्हा बोली लागते. ज्याच्या शेतात काही नाही, असा शिक्षक किंवा कंपाउंडर हिरिरीने बोली लावतो. शेजारपाजारचे लोकही गंमत पाहायला येतात आणि एखादे कोहळे घेऊन जातात. इंग्रजी हार्वेस्ट फेस्टिव्हलचे हे रोप इथल्या काळ्या मातीत असे काही लागले की आता मूळ देशातल्या माणसाला ते ओळखू येणार नाही. कोणत्या समितीने हे ठरवले? कोणत्याही नाही.

उपासनेतल्या गाण्याकडे वळतो, कारण आजचे खरे भांडण तिथे आहे. ‘उपासना संगीत’ या गायनाच्या पुस्तकात दोन जगे एका बांधणीत आहेत. एकीकडे टिळक, सांगळे यांची पदे, दुसरीकडे पाश्चात्य चालींवर बसवलेली भाषांतरे. भाषांतरित गीत सुरू झाले की वऱ्हाडी मंडळी हळूहळू चालीच्या मागे राहू लागते, शेवटच्या कडव्यापर्यंत पेटीवाला एकटाच पुढे गेलेला असतो. पद लागले की तीच माणसे सरसावून बसतात, मागच्या बाकावरचा म्हातारा मांडीवर ठेका धरतो. नव्या पिढीला दोन्ही नकोत. तिला कीबोर्ड, ड्रम पॅड, पडद्यावर शब्द आणि हिंदी कोरस हवेत. ही गाणी पंजाब, दिल्ली, मुंबईहून यूट्यूबवर येतात, त्यांतल्या बऱ्याचशा चालींचे मूळ ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत. पोरे त्यात रमतात याचा राग मला येत नाही. माझी हरकत वेगळी आहे. ट्रॅक लावला की तबलजी लागत नाही, ध्रुपद धरणारा लागत नाही, शेजारच्या भजनी मंडळातून ढोलकी मागून आणावी लागत नाही. एकेकाळी नाताळच्या कार्यक्रमासाठी पेटी दुरुस्त करायला गावातलाच कोणी यायचा, बसल्या बसल्या दोन गाणी वाजवून जायचा. ते येणेजाणे थांबले. या नव्या उपासनेला आधुनिक म्हणतात. मला ती कंपाउंडाचीच नवी आवृत्ती वाटते, फक्त भिंत दिसत नाही.

संगीत नवे झाले, उपदेशही नवा झाला. टीव्हीवरून आलेला सुबत्तेचा उपदेश आता तंबूतल्या सभेपर्यंत पोचला आहे. दान द्या, आशीर्वाद घ्या. आणि हे कोणत्या जिल्ह्यात? २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे खास मदत जाहीर केली, त्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशिम होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा हे बाकीचे. कर्ज, बियाण्याची फसगत, भाव, आणि अलीकडे शेती करणाऱ्या पोराला मुलगी न मिळणे. धनजच्या पारावर संध्याकाळी बसले तर समकालीन संस्कृती म्हणून याच गोष्टी कानी पडतील. जुन्या करारात, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात, योबेल वर्षाचा नियम आहे : पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी. कर्जात बुडालेल्या मुलखात याहून निकडीचा उतारा कोणता असेल? वऱ्हाडातल्या व्यासपीठांवरून तो फार क्वचित ऐकू येतो.

चंगाई सभांबद्दल, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांबद्दल, स्पष्टच बोलायला हवे. दुखण्याने गांजलेला माणूस प्रार्थनेला आला तर त्यात गैर काही नाही. तो दर्ग्यातही जातो, गाणगापूरलाही जातो. पण काही उपदेशक गोळ्या बंद करायला सांगतात. ज्या जिल्ह्यात ख्रिस्ती नाव एका शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईने घरोघरी पोचवले, तिथे तिच्याच धर्माच्या नावाने औषध सोडायला सांगणे ही लाजेची गोष्ट आहे. बाहेर धर्मांतराचा संशय दिवसेंदिवस वाढतो आहे. घरातल्या प्रार्थनेवर लोक चालून जातात, आमिषाचा आरोप होतो. राज्यघटनेचे पंचविसावे कलम मंडळीच्या पाठीशी आहे, पण गल्लीतला संशय कलमाने जात नाही. घाबरून दारे-खिडक्या लावून घेण्याकडे कल आहे, आणि त्याने संशय आणखी पिकतो. याच सभांत एक गोष्ट मात्र मला मोलाची वाटते, ती साक्ष. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई उठते, डोक्यावर पदर घेते आणि आपल्या दारुड्या नवऱ्याची, मेलेल्या लेकराची, हरवून सापडलेल्या म्हशीची कथा वऱ्हाडीत सांगते. कोणी तिला थांबवत नाही. गावातल्या दुसऱ्या कोणत्या बैठकीत तिला दहा मिनिटे सलग बोलू दिले जाते?

वसईचे उदाहरण वऱ्हाडातल्या वाचकाला दूरचे वाटेल, तरी द्यायचे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले, ते २०१० मध्ये निघाले. पण वसईच्या हिंदू शेतकऱ्याला दिब्रिटो आधी ठाऊक झाले हरित वसईच्या चळवळीमुळे. विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात होते, वाड्या बिल्डरांच्या घशात जात होत्या. विहीर आटते तेव्हा ती ख्रिस्त्याची आणि सामवेदी ब्राह्मणाची एकदमच आटते. २०२०च्या जानेवारीत ते उस्मानाबादला ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू म्हणून काहींनी आक्षेप घेतला, मराठी वाचकाने तो फारसा मनावर घेतला नाही. त्या मान्यतेमागे पुस्तकांइतकेच पाण्याचे भांडण होते. वऱ्हाडात पाण्याचे, बियाण्याचे, जातीच्या दाखल्याचे भांडण रोज चालू आहे. मंडळी त्यात दिसत नाही.

यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला हलली. कारणे समजण्यासारखी होती. पण तेव्हापासून धर्मशास्त्र शहरात आणि मंडळ्या खेड्यात, ही फूट रुंदावली. तिथून शिकून येणारा तरुण इंग्रजीत विचार करायला शिकतो आणि धनजच्या पारावर बोलायला मराठी शोधत बसतो. पुढच्या पानांतले लेखन त्या तरुणासाठी आहे, आणि त्याच्याहून जास्त, कंपाउंडच्या बाहेर उभे राहून आत काय चालते याचे कुतूहल असणाऱ्या शेजाऱ्यासाठी.

या विषयाचा कच्चा माल कुठे आहे, तेही सांगतो. जुन्या मंडळ्यांच्या कपाटांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत दुष्काळात आलेल्या पोरांची नावे आहेत, बदललेली नावे आहेत, १९५६ नंतर गळालेली नावे आहेत, नवरीचे गाव, साक्षीदारांचे अंगठे आहेत. वऱ्हाडाचा शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास त्या शाईत आहे आणि त्याला वाळवी लागते आहे. विद्यापीठातला संशोधक येईल तेव्हा येईल. तोवर तरुण संघातल्या ज्या पोरापोरींच्या हातात बरा कॅमेरा असलेला मोबाइल आहे, त्यांनी पंचांकडून किल्ली मागून घ्यावी, पाळकसाहेबांना सोबत बसवावे आणि एकेका पानाचा फोटो काढून ठेवावा. पावसाळ्यापूर्वी.